कामं वाटायची ती आठवणीसकट

प्रश्न: मी ४२ वर्षांची आहे, नाशिकच्या सिडकोत राहते. अंबडच्या एका कंपनीत तपासणी विभागात फर्स्ट शिफ्टला आहे, सकाळी सात ते साडेतीन, जवळजवळ सगळा वेळ उभ्याने. पहाटे साडेचारला उठते, पाणी भरते, डबे करते, सव्वासहाला कंपनीची बस पकडते. घरी आल्यावर पुन्हा स्वयंपाक, मुलांचं, सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्या. झोपायला साडेअकरा होतात. मिस्टर सातपूरला जनरल शिफ्टला आहेत, स्वभावाने चांगले आहेत, सांगितलं की मदत करतात. मुलगा दहावीत, मुलगी सातवीत. रविवारी दुपारी तीन तास झोपले तरी उठल्यावर आणखीच गळून गेल्यासारखं वाटतं. शेजारच्या बायका गुरुवारी भजनाला जातात, मलाही बोलावतात. गेले तरी तिथे मन लागत नाही, घरी काय चाललं असेल हेच डोक्यात. बाकीच्या सगळ्याजणी हेच करतात, मग मलाच का झेपत नाही? माझं नियोजन चुकतंय का?

उत्तर: ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुमचं नियोजन चुकत नाही. पावणेदोन तासांत पाणी, सगळ्यांचे डबे आणि स्वतःची तयारी उरकून बस गाठणाऱ्या बाईला वेळापत्रक शिकवायची काही गरज नाही. पण साडेअकरा ते साडेचार म्हणजे पाच तास झोप. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास लागतात. दर रात्री दोन तास कमी पडतात आणि आठवडाभराची ही तूट रविवारच्या एका दुपारी भरून निघत नाही. यात तुमच्या ताकदीचा काही दोष नाही.

आणि बाकीच्या सगळ्याजणींना झेपतं, असं तुम्हाला वाटतं ते खरं नाही. मी या भागात अनेक वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते. अंबड-सातपूरच्या कंपन्यांतल्या बायका येतात, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला जाणाऱ्या येतात, शाळेतल्या शिक्षिका येतात. कंबर धरली, डोकं दुखतं, चिडचिड होते, अशी तक्रार घेऊन येतात आणि उठता उठता हळूच विचारतात, ‘बाकीच्यांना कसं जमतं हो मॅडम?’ जिचं उदाहरण तुमची शेजारीण स्वतःला देत असेल, ती बहुधा तुम्हीच आहात.

२०२४ साली केंद्र सरकारने देशभर माणसांच्या दिवसाचा हिशेब मांडला. त्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं दिसलं. घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. शिवाय पुरुषांच्या त्या सरासरीत घरकामाला हातही न लावणारे धरलेलेच नाहीत. तुमचे कंपनीतले साडेआठ तास आणि बसचा वेळ धरून त्यावर ही जवळजवळ पाच तासांची घरकामाची पाळी चढवा, म्हणजे दिवस कुठे जातो ते कळेल.

आता वाटणीबद्दल मला बरंच बोलायचं आहे. पण त्याआधी रक्त तपासून घ्या. थकवा म्हटलं की लोक लगेच ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणतात, आणि बाईही मान डोलावते. रक्तच कमी असेल तर कितीही विश्रांती घेतली तरी ती अंगी लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे तुमच्या बसमधल्या दर दोघींत एक. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. आपल्याकडे ‘दहा आहे ना, मग ठीक आहे’ असं सर्रास म्हणतात. ते ठीक नाही. दहावर काम करणारी बाई दोन जिने चढून धापा टाकते आणि वय झालं म्हणून स्वतःची समजूत घालते.

नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका, फेरिटिनही करा, म्हणजे शरीरात लोहाचा साठा किती आहे ते कळेल. हिमोग्लोबिन म्हणजे पाकिटातले पैसे आणि फेरिटिन म्हणजे कपाटात साठवलेले. पाकीट भरलेलं दिसतं तेव्हाही कपाट रिकामं असू शकतं, आणि त्या अवस्थेतही बाई दमलेलीच असते. यांच्यासोबत थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२, उपाशीपोटीची साखर आणि रक्तदाब बघा. घर शाकाहारी असेल तर बी-१२ अजिबात विसरू नका. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात दाखवता येईल, नाहीतर सिव्हिल हॉस्पिटल आहेच. रिपोर्ट आला की तो डॉक्टरांसमोर ठेवा, औषधाच्या दुकानात दाखवून गोळ्या घेऊ नका.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमची गोळी आणि ती एकत्र नको. लिंबूपाण्याबरोबर घ्या. शौच काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. रोज की दिवसाआड, हे डॉक्टर ठरवतील, पण एक नक्की: आकडा बारावर पोचला म्हणून त्या दिवशी गोळी बंद करायची नाही. साठा भरायला पुढे आणखी तीनेक महिने लागतात. बहुतेकजणी इथेच सोडतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा तिथेच येतात.

जेवणाबद्दल थोडक्यात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि पुरुषाला १९. घरात वाढणी मात्र उलट होते. ती शेवटी बसते, पातेल्यात उरेल ते घेते. नाचणी, बाजरी, मेथी, मटकी, हरभरे हे तुमच्या ताटात आधी पडलं पाहिजे, वर लिंबू पिळून. जेवल्याबरोबर लागणारा चहा तासभर पुढे ढकला, कारण चहा जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. आणि उपवास. तुम्ही किती करता ते लिहिलं नाहीत, पण संकष्टी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र असं सगळं धरणाऱ्या कष्टकरी बायका मी रोज बघते. साबुदाण्यात लोह आणि प्रथिनं नावापुरतीच असतात. आठ तास उभं राहायचं असेल त्या दिवशी निदान शेंगदाणे, राजगिरा, दूध, फळं तरी पोटात गेली पाहिजेत. देवीला उपाशी बाई हवी असते असं मला वाटत नाही.

पाळीचंही विचारते, कारण ४२ व्या वर्षी हा प्रश्न टाळून चालत नाही. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या सुमारास जाते आणि त्याआधी काही वर्षं तिचं गणित बिघडतं. अंगावरून जास्त जाणं, गाठी पडणं, सात दिवसांपेक्षा लांबणं, तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, यातलं काही होत असेल तर सोनोग्राफी करून कारण शोधा. ‘जायची वेळ आली की असंच होतं’ म्हणून महिनोन् महिने रक्त घालवत बसू नका. मध्यरात्री घामाने जाग येणं, छातीत धडधडणं, हेही त्याच वयातलं. त्यावर उपाय असतात.

आणखी एक. आवडीच्या गोष्टीतही मन लागत नाही, रडू येतं, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर तो थकवा नव्हे, आजार आहे, आणि तो बरा होतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं. भजनात मन लागत नाही असं तुम्ही लिहिलं आहे, त्याचं कारण मला वेगळं दिसतं आणि ते पुढे सांगते. पण ही शंका मी मोकळी सोडणार नाही.

झोपेचं बघू. रविवारी दुपारी तीन तास झोपून गळून गेल्यासारखं वाटतं, याचं कारण साधं आहे. दुपारी पाऊण तासाच्या पुढे गेलात की झोप खोल जाते, त्या खोलीतून उठवलं की अंग जड, डोकं सुन्न. वर त्याच रात्री लवकर झोप येत नाही, आणि सोमवारी पहाटे पुन्हा साडेचार. रविवारी दुपारी तीनच्या आधी पंचवीस-तीस मिनिटं पाठ टेका, गजर लावून. सकाळी रोजच्यापेक्षा तासभर उशिरा उठा, त्याहून जास्त नको. उरलेली झोप रात्रीच मिळवायची, आणि साडेचारची वेळ हलत नसेल तर साडेअकराची हलवायला लागेल. साडेनऊला झोपा, असं मी एकदम म्हणणार नाही. साडेदहापासून सुरुवात करा. त्या एका तासाने महिनाभरात फरक कळतो. संध्याकाळी पाचनंतरचा चहा बंद, कारण त्यातल्या कॅफिनचा अर्धा भाग पाच तासांनीही रक्तात असतो.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण साडेदहा ते साडेअकरा बहुतेक घरांत काय होतं ते मला माहीत आहे. ओटा पुसून झाला, दार लावलं, सगळे झोपले. मग बाई मोबाइल घेऊन बसते. रेसिपी बघते, साड्या बघते, एखादी मालिका बघते. घरातले म्हणतात, झोप नाही म्हणून रडतेस आणि मोबाइल बघत बसतेस. मी तुम्हाला यावरून रागावणार नाही. दिवसभरात कुणीही हाक न मारणारा तो एकच तास असतो. स्वतःचा वेळ दिवसा मिळाला नाही म्हणून बाई तो झोपेतून काढून घेते. ‘मोबाइल ठेव’ हा सल्ला म्हणूनच टिकत नाही. संध्याकाळी उजेडात तुम्हाला तुमचा वेळ मिळाला तर रात्रीचा हा तास आपोआप सुटतो. त्यामुळे भजनाला जाणं हा मला झोपेवरचा औषधोपचारच वाटतो.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: ‘सांगितलं की मदत करतात.’

बुधवारच्या डब्याला मटकीची उसळ करायची, तर सोमवारी रात्री मटकी भिजत घालायची, मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची, त्याआधी डब्यात मटकी आहे का बघायची, कांदे-खोबरं संपलं असेल तर आणायचं, धाकटीला तिखट चालत नाही म्हणून तिच्यापुरती आधी काढून ठेवायची. मिस्टरांना सांगितलं तर ते कांदा चिरून देतील. म्हणजे पंधरा मिनिटांचं काम त्यांनी घेतलं आणि तीन दिवस डोक्यात घोळवण्याचं तुमच्याकडेच राहिलं. सासूबाईंच्या गोळ्या कधी संपतात, सिलिंडरचा नंबर कधी लावायचा, शाळेची फी कधी भरायची, विरजण लावलं का, चुलत नणंदेच्या घरचं लग्न कोणत्या तारखेला, आहेर काय करायचा, हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात आहे. ते माणूस भजनाला जाऊन बसलं तरी यादी बरोबर येते. टाळ वाजतात आणि तुमच्या डोक्यात सिलिंडर वाजतो. मन लागत नाही ते यामुळे. तुमची भक्ती कमी नाही आणि घराची ओढही जास्त नाही, तुमच्या डोक्याला सुट्टी मिळालेलीच नाही.

म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या बायकांना सांगते की मदत मागू नका, काम देऊन टाका. ते लक्षात ठेवण्यासकट, सामान आणण्यासकट, बिघडलं तर निस्तरण्यासकट.

तुमच्या घरात पहिलं कोणतं काम द्यावं हे मला अगदी स्पष्ट दिसतं: सासूबाईंची शुगर. गोळ्यांचा साठा, महिन्याची तपासणी, डॉक्टरांची तारीख, डोळे-पाय दाखवणं, सगळं. त्या मिस्टरांच्या आई आहेत. शिवाय ते जनरल शिफ्टला आहेत, तुम्ही सव्वासहाला निघता तेव्हा ते घरी असतात, सकाळची गोळी त्यांच्या समोरच घेतली जाते. त्यांना एकदाच नीट समजावून सांगा, चिठ्ठ्या आणि फाइल हातात द्या. औषधाच्या बाबतीत धोका पत्करायचा नाही, म्हणून आठ दिवसांच्या गोळ्या वेगळ्या डब्यात राखीव ठेवा. त्या राखीव डब्याला हात लागला तर लागू दे, पण ‘अहो, गोळ्या संपत आल्या’ हे तुम्ही म्हणायचं नाही. ते म्हणालात की काम परत तुमच्याकडे आलं.

दुसरं, सकाळचं. तुम्ही पोळ्या-भाजी करून ठेवता, ठीक. पण डबे भरणं, मुलांना उठवणं, दूध तापवणं, सासूबाईंचा नाश्ता, हे सव्वासहानंतर होऊ शकतं आणि तेव्हा घरात एक धडधाकट माणूस आहे. पाणी भरायलाही आठवड्यातून तीन दिवस त्यांनी उठावं. तुमची पहाटेची वीस-पंचवीस मिनिटं तिथे वाचतात, ती झोपेत घाला.

मुलगा दहावीत आहे म्हणून त्याला सगळं माफ, असं करू नका. संध्याकाळी कणीक मळायला पंधरा मिनिटं लागतात, अभ्यासातून उठून हातांना काम मिळालं तर त्यालाही बरं वाटेल. स्वतःचा युनिफॉर्म त्याने धुवावा. आणि इथे माझी एक कळकळीची विनंती आहे. घरात वाटणी सुरू झाली की आईच्या डोक्यावरचं ओझं हळूच मुलीच्या डोक्यावर जातं. तेरा वर्षांची मुलगी भावाचं ताट उचलते आणि सगळे तिचं कौतुक करतात. वाटणी लिहायला बसाल तेव्हा पहिलं नाव मिस्टरांचं, दुसरं मुलाचं, आणि मुलीच्या वाट्याला भावाच्या वाट्यापेक्षा एकही काम जास्त नको. सासूबाईंना विचारा, सांगू नका. भाजी निवडणं, लसूण सोलणं पुष्कळ वृद्ध बायकांना आवडतं, घरात आपला हात आहे असं वाटतं. नाही म्हणाल्या तर नाही.

हे बोलायचं कधी, तर भांडण झालेल्या रात्री नाही. रविवारी सकाळी चहा झाल्यावर बसा. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर घरातली सगळी कामं लिहा, बारीकसारीकही, आणि प्रत्येकापुढे दोन नावं: करतं कोण, लक्षात ठेवतं कोण. मिस्टरांनाच लिहायला सांगा. दुसऱ्या रकान्यात एकच नाव खालपर्यंत उतरत गेलं की चांगल्या स्वभावाच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हे मी अनेक घरांत बघितलं आहे.

पहिले दोन-तीन आठवडे वाईट जातील. भाजीत मीठ जास्त पडेल, डबा विसरेल, ओट्यावर चहाचे डाग राहतील. त्या काळात तुमचं सगळ्यात अवघड काम म्हणजे हात मागे बांधून राहणं. त्यांनी पुसलेला ओटा तुम्ही पुन्हा पुसलात, तर ते पुसणं सोडतील आणि त्यात त्यांचं फारसं चुकणार नाही. आपल्याला लहानपणापासून शिकवलं गेलं की घराच्या स्वच्छतेवरून बाईची परीक्षा होते. पाहुणे डागाकडे बघून तुमचं नाव घेतील, मिस्टरांचं घेणार नाहीत, हे खरं आहे. घेऊ द्या.

काही कामं कुणालाच न देता सोडून द्यायची. ज्यांच्या घरात द्यायला दुसरं कुणी नाही, एकट्याने मुलं वाढवणाऱ्या बायका आहेत, त्यांना तर हाच मार्ग आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणा. खिचडी-कढी हे पूर्ण जेवण आहे. रोज सकाळी दोन भाज्या नकोत. चादरींना इस्त्री नको. दिवाळीला पाच प्रकार घरचे हवेत असा काही नियम नाही. नाशिकमध्ये बचत गटांच्या बायका उत्तम फराळ करतात, त्यांच्याकडून घ्या, त्यांच्याही हाताला चार पैसे मिळतील.

ज्या घरात विश्रांतीचा विषय काढला की आवाज चढतो किंवा हात उगारला जातो, तिथे कॅलेंडर आणि वाटणीचा सल्ला लागू नाही. तिथे १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

दिवसभर उभं राहण्याबद्दलही सांगते. पोटऱ्या हलल्या नाहीत की पायातलं रक्त खाली साचतं, संध्याकाळी पाय भरून येतात, शिरा फुगतात. उभ्याउभ्याच दर अर्ध्या तासाने टाचा वर-खाली दहा-पंधरा वेळा करा, सुपरवायझरच्या लक्षातही येणार नाही. घरी आल्यावर लगेच ओट्यापाशी जाऊ नका. पंधरा मिनिटं आडवं व्हा, पाय भिंतीला लावून वर. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच ठणकत असेल तर फरशीवर अनवाणी चालू नका, पलंगाशीच मऊ चप्पल ठेवा. कणीक मळताना, कपडे पिळताना अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखत असेल तर ते काम काही आठवडे पूर्ण बंद ठेवायला लागतं. मुलाने कणीक मळावी याला हेही एक कारण समजा.

आणि पाणी प्या. कंपनीत स्वच्छतागृह लांब आहे, लाइन सोडता येत नाही, म्हणून बायका सकाळपासून घोटभर पाण्यावर राहतात. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत तर आडोसाच नसतो. पेठ-सुरगाण्याहून हंगामाला आलेल्या बायका विरळणीच्या, म्हणजे घडातले मणी विरळ करायच्या दिवसांत मांडवाखाली हात वर आणि मान मागे टाकून दिवसभर कात्री चालवतात. काम उक्तं घेतलेलं असतं, टोळीत एक थांबली तर सगळ्यांचं मागे पडतं, म्हणून कुणीच थांबत नाही. त्यांना मी सांगते, ओळ संपली की हात खाली, खांदे फिरवा, दोन घोट पाणी, मग पुढची ओळ, आणि हे सगळ्या टोळीने एकदम करा. पाणी न पिण्याने डोकं दुखतं, थकवा येतो, लघवीला जळजळ होते. तुमच्या कंपनीत वेळ मिळत नसेल तर चारपाचजणी मिळून एचआरकडे जा. एकटीने मागितलं की ती नाजूक ठरते, पाचजणींनी मागितलं की ती सोय ठरते.

‘आमच्या वेळी हे असलं नव्हतं’ असं सासूबाई कदाचित म्हणतील. त्यांना विचारा, नागपंचमीला काय करत होतात? त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पंचमीला माहेरी जायचं, झोके घ्यायचे. पहिलं बाळंतपण माहेरी, बाळंतिणीला सव्वा महिना. जुन्या माणसांनाही माहीत होतं की बाईला अधूनमधून कामातून सोडवायला लागतं. पाळीत बाजूला बसण्यालाही काहीजणी विश्रांतीच म्हणतात, पण ते मला मान्य नाही. त्यात अपमान होता, आणि शेतावर राबणाऱ्या बाईला तेव्हाही सुट्टी नव्हतीच. त्या दिवसांत त्रास होत असेल तर पोटाला गरम पिशवी घेऊन तासभर पडा आणि घरात तसं उघड सांगा. मुलालाही कळू द्या. आपल्या पिढीत झालं काय, की तव्याचा नियम मोडला, माहेरची रीत सुट्टीअभावी सुटली, आणि त्या जागी दुसरं काही ठेवलंच नाही.

तर गुरुवारचं भजन. जा. पण ‘जमलं तर जाईन’ असं ठेवू नका, दर गुरुवारी साडेसहा ते साडेसात असं घरात जाहीर करा. त्या दिवशीचं रात्रीचं जेवण कायमचं मिस्टरांकडे, काय करायचं हेही त्यांनीच ठरवायचं. मोबाइल पिशवीत, आवाज बंद. पहिले काही गुरुवार मन घराकडे धावेल, धावू द्या. यादीतली कामं खरोखर दुसऱ्याच्या डोक्यात गेली की ते थांबतं.

भजनच हवं असंही नाही. कुणाला पहाटे अनंत कान्हेरे मैदानावर चालायला बरं वाटतं, कुणाला महिन्यातून एकदा पांडवलेणी चढून वर नुसतं बसायला. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आपल्या गावात आहे, वर्गणी भरून नाव नोंदवा. माझ्याकडच्या एक ताई बुधवारच्या बाजाराला गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, एकट्या जातात, घरातलं काही न घेता तासभर फिरतात, आणि मला ते पूर्णपणे पटतं. त्या वेळेतून काही निष्पन्न झालं पाहिजे असं नाही. शिकवणी, घरगुती ऑर्डर, क्लास, हे करायचं तर करा, पण ते कामाच्या रकान्यात लिहा. तसंच तुमच्या घरचं हळदीकुंकू हा तुमचा स्वतःचा वेळ नव्हे. चाळीस बायकांना तिळगूळ आणि वाण देणारी बाई त्या दिवशी सगळ्यात जास्त राबते.

शेवटी मुलाच्या दहावीबद्दल, कारण पुढचे काही महिने तुमची झोप तिथेच जाणार आहे. तो रात्री बारापर्यंत अभ्यास करतो म्हणून त्याच्याशेजारी जागत बसू नका. थर्मासमध्ये दूध कसं भरून ठेवायचं हे त्याला येईल. तुम्ही पहाटे साडेचारला उठणार आहात, तो सातला. परीक्षेच्या दिवसांत रजा काढायची असेल तर मिस्टर आणि तुम्ही पेपर वाटून घ्या, निम्म्या दिवशी त्यांनी रजा टाकावी. आणि ती रजा कुणी कधी टाकायची, हेही त्यांनीच लक्षात ठेवावं.